दमदार इंजिनच्या टिपरला प्रोपेलर शाफ्ट आणि मागची बोगी कशी निवडायची

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्समधली ताकद मागच्या ॲक्सलला नेणारा फिरता पाइप, आणि क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा चार टोकांचा सांधा. क्रॉस तुटला की पहिली शिवी क्रॉसच्या कंपनीला जाते. मग त्याहून महागातला क्रॉस येतो, तोही पावसाळा काढत नाही, मग मिस्त्री म्हणतो शाफ्टच हलका आहे, जाड पाइपचा बनवून घ्या, ते पण होतं आणि मग सेंटर बेअरिंग (दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये धरणारं) जायला लागतं. बहुतेक वेळा क्रॉस हा नुसता मरणारा असतो, मारणारा मागे बोगीत, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या जोडीत आणि तिच्या कमान-रॉडमध्ये, बसलेला असतो. ढिला टॉर्क रॉड (ॲक्सलला पिळू न देणारा दांडा), बसलेली कमान (पाट्यांची स्प्रिंग), नाहीतर कुणीतरी मनाने घातलेला जास्तीचा पाटा. म्हणून माझं सरळ म्हणणं असं की बोगी आधी ठरवा, मग अँगल (शाफ्ट जोडांवर ज्या कोनात फिरतो तो) मोजा, आणि शाफ्ट सगळ्यात शेवटी घ्या. दुकानात हा क्रम उलटा चालतो कारण शाफ्ट आणि क्रॉस काउंटरवरून विकता येतात, अँगल विकता येत नाही.

हे लिहितोय ते २५० हॉर्सपॉवर आणि वरच्या गाड्यांसाठी. आधी २५१६, २५१८ चालायच्या, म्हणजे २५ टन आणि १६०-१८० हॉर्सपॉवर. आता २८२५, ३५३० सर्रास दिसतात, म्हणजे २८ टनाला २५० आणि ३५ टनाला ३००. पण शाफ्टला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला कळतो टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, आणि तो पण इंजिनचा नाही तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा. त्यामुळे पहिलं काम कागद-पेन घेऊन बसायचं.

इंजिनचा टॉर्क गुणिले सगळ्यात खालच्या गिअरचा रेशो. समजा इंजिन ९५० न्यूटन मीटरचं आहे आणि क्रॉलर गिअर (म्हणजे सगळ्यात खालचा) १२.७ चा आहे, तर शाफ्टवर १२,००० च्या आसपास न्यूटन मीटर येतो. तुमच्या गिअरबॉक्सचा रेशो त्याच्या प्लेटवर नाहीतर मॅन्युअलमध्ये मिळतो, शेजारच्याच्या गाडीवरून अंदाज लावू नका, एकाच मॉडेलला दोन वेगवेगळे गिअरबॉक्स आलेले असतात. काही गाड्यांत खालच्या गिअरला कंपनीने टॉर्क मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तुम्ही कुणाकडून रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) घेतला तर ती लगाम पण सुटते आणि वॉरंटी पण, मग कंपनीने दिलेला शाफ्ट पुरेल असं गृहीत धरता येत नाही.

आता दुसरा हिशोब, जो फार कमी लोक करतात. चाकं घसरली की शाफ्टवरचा टॉर्क तिथेच थांबतो, म्हणजे टायर हा एक प्रकारचा फ्यूज आहे. बोगीवर २१ टन (२०१८ ला दोन ॲक्सलच्या बोगीची मर्यादा १९ वरून २१ टन झाली), कोरड्या रस्त्याची पकड ०.७ धरा, टायरचा रेडियस साधारण अर्धा मीटर, आणि मागचा ॲक्सल रेशो समजा ६.१७. हिशोब केला तर शाफ्टवर जवळपास ११,७०० न्यूटन मीटरला चाकं घसरतात. म्हणजे कायद्यातल्या लोडला इंजिन आणि टायर बरोबरीत आहेत. पण बोगीवर ३० टन टाकले की हाच आकडा १६,७०० च्या आसपास जातो, म्हणजे टायर घसरून शाफ्टला वाचवायचा तो वाचवत नाही, आणि वरून ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला तर धक्क्याचा टॉर्क साध्या हिशोबाच्या दीड-दोन पट सहज जातो. ओव्हरलोडने कमान तुटते हे सगळ्यांना माहितेय, शाफ्टचा फ्यूज निघून जातो हे कुणी बोलत नाही. दंड वेगळाच, २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,०००. आणि पाटे वाढवले म्हणून पासिंग (परवानगीचं वजन) वाढत नाही, ते आरसी वर आहे तेवढंच.

दोन्ही आकड्यांतला जो लहान तो घ्या, त्याला दीडने गुणा, आणि हा आकडा कागदावर लिहून ठेवा. शाफ्ट घ्यायला जाल तेव्हा हा आकडा पुरे होतोय का एवढंच विचारायचं, "हेवी आहे साहेब" या उत्तरावर पैसे द्यायचे नाहीत.

आता बोगी. ॲक्सल चाकाला पुढे ढकलतो तेव्हा तो स्वतः उलटा फिरायला बघतो. ही उलटी पीळ कुणीतरी अडवायला हवी. एक ॲक्सलच्या साध्या गाडीत ती कमान अडवते, पाटे एस आकारात वाकतात, पिनियनचं (ॲक्सलमधला गिअर, ज्याला शाफ्ट जोडतो) नाक वर उठतं, पाटे परत सरळ होतात, परत वाकतात, आणि चाकं जागेवर उड्या मारायला लागतात. दमदार इंजिनात हेच सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक उडीला चाक हवेत सुटतं आणि जमिनीवर परत पकडतं, आणि त्या पकडण्याच्या क्षणाला क्रॉस तुटतो. काळ्या मातीत पण हेच होतं, चाक चिखलात गरागरा फिरतं आणि खाली मुरूम लागला की एकदम पकडतं. घाट चढताना शाफ्ट क्वचितच जातो, खाणीत रिव्हर्स घेताना जातो.

दोन ॲक्सलच्या बोगीत काम वाटून दिलेलं असतं. उलटी कमान मधल्या ट्रनियनवर (दोन ॲक्सलच्या मधल्या खुंटावर) बसते आणि फक्त वजन घेते, तिची टोकं ॲक्सलच्या पॅडवर सरकतात, आणि पीळ अडवायचं काम टॉर्क रॉड करतात, खाली सरळ आणि वर बऱ्याच गाड्यांत व्ही रॉड. हे रॉड नीट असतील तर ॲक्सल वर-खाली झाला तरी पिनियनचा अँगल जवळजवळ तोच राहतो. म्हणून दमदार इंजिनच्या टिपरला घेताना पाटे किती आहेत ते मोजण्याआधी टॉर्क रॉड बघा. रॉड किती जाड आहे, बुश (रॉडच्या टोकातलं रबर) किती मोठं आहे, ब्रॅकेट चॅसीला बोल्ट केलाय की वेल्डिंग मारलंय, बुश बाजारात मिळतं की अख्खा रॉडच घ्यावा लागतो. जुनी गाडी असेल तर पहार लावून बुश हलवून बघा. अजून चांगलं म्हणजे पार्किंग ब्रेक लावून, चाकांना दोन्हीकडून दगड लावून, मोबाइल बाजूला व्हिडिओवर ठेवा आणि ड्रायव्हरला खालच्या गिअरला क्लच हळूच पकडवून सोडायला सांगा. गाडीखाली कुणीही नको, मोबाइल एकटा पुरे. व्हिडिओत हाउसिंगचं नाक ठळक वर उठताना दिसलं तर बुश गेलेत, आधी ते बदला, शाफ्टचं नंतर बघू.

पाट्यांचं गणित पण समजून घ्या कारण इथे लोक फार मनाने करतात. दहा सारख्या पाट्यांत एक वाढवला तर कमान साधारण १० टक्के कडक होते. पण तेवढेच पाटे ठेवून १८ मिलिमीटरचे २० चे केले तर कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे ३७ टक्के, आणि ताकद वर्गात, म्हणजे २३ टक्केच. कडकपणा जास्त वाढला आणि ताकद कमी वाढली, म्हणजे रिकामी गाडी दगडासारखी उडणार, चाकं जमीन सोडणार, आणि तो धक्का शाफ्टला. रिकामी परत येताना शाफ्टचे आवाज येतात त्या गाड्यांत हेच झालेलं असतं बघा. शिवाय पाटा घातला की मागून गाडी उचलते, ॲक्सल आणि चॅसीमधलं अंतर बदलतं, आणि शाफ्टचा अँगल बदलतो. म्हणजे कमानीचं काम करून आणलं तर शाफ्टचे अँगल परत मोजायचे, हे कुणीच करत नाही.

पॅराबोलिक की साधी? पॅराबोलिकमध्ये पाटे कमी, मध्ये जाड आणि टोकाला पातळ, एकमेकांवर कमी घासतात, वजन वाचतं, रस्त्यावर गाडी मऊ चालते. हायवेला सिमेंट, स्टील, कंटेनर ओढणाऱ्याने ती घ्यावी. खाण, क्रशर, मुरूम, धरणाचं काम, वणी-चंद्रपूरकडचा कोळसा, इथे मला साधी बहुपाटी कमानच बरी वाटते. एक पाटा तुटला तर बाकीचे घरी आणतात, आणि तालुक्याच्या गावी पाट्याचा मिस्त्री असतोच. पॅराबोलिकचा पाटा तुटला की गाडी तिथेच. पाटा घेताना ग्रेड विचारा, ६५ एसआय ७, एसयूपी ९, एसयूपी ११ ए, ५० सीआरव्ही ४ असली नावं ऐकायला मिळतील, क्रोम-व्हॅनेडियमचा महाग असतो आणि जाड पाट्याला तोच बरा कारण आतपर्यंत पाणी (तापवून कडक करणं) नीट बसतं. पाट्यावर वेल्डिंग, गॅस कटर, ड्रिल काहीही नको, वेल्डिंगचा एक ठिपका पडला तरी तिथूनच तडा सुरू होतो.

एअर सस्पेन्शनबद्दल लोक नाक मुरडतात. खाणीत नको हे खरंच, धारदार खडीला फुगे टिकत नाहीत. पण हायवेच्या घोड्याला (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला) त्याचा एक फायदा शाफ्टसाठी फार मोठा आहे, रिकामी असो वा भरलेली, उंची तीच राहते, म्हणून शाफ्टचा अँगल पण तोच राहतो. एकदा नीट बसवला की बसवला.

मागच्या ॲक्सलबद्दल एवढंच, की नवीनच गाडी घेताय आणि काम खाणीचं असेल तर हब रिडक्शनचा पर्याय विचारा. त्यात शेवटची घट चाकातच होते, त्यामुळे चाकाला तेवढीच ओढ देताना शाफ्ट आणि क्राऊन-पिनियनवर टॉर्क कमी येतो. वजन आणि तेल-सीलचा खर्च वाढतो, हायवेवर डिझेल पण खातो, म्हणून सगळ्यांना नाही.

बोगी ठरली, आता अँगल. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा, टायरात हवा बरोबर, आणि एकदा रिकामी एकदा भरलेली असं दोनदा मोजा. डिजिटल अँगल मीटर स्वस्तात मिळतं, चुंबकाचं घ्या. गिअरबॉक्सच्या फ्लेंजचा (शाफ्ट बोल्ट होतो त्या चकतीचा) अँगल, मग शाफ्टच्या पाइपचा, मग पिनियनच्या फ्लेंजचा. लागून असलेल्या दोघांतला फरक म्हणजे त्या जोडाचा काम करायचा अँगल. भरलेल्या गाडीत तो तीन अंशांच्या आसपास असावा, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे अँगल एकमेकांशी एका अंशाच्या आत जुळावेत. कारण असं की अँगलमध्ये फिरणारा क्रॉस पुढचा शाफ्ट एकसारखा फिरवतच नाही, एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू करतो, दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच अँगलला असेल तर ते उलट करून टाकतो आणि हिशोब शून्य होतो. नसेल तर ती पीळ गिअरबॉक्स आणि पिनियन खातात. एकदम शून्य अँगल पण नको, अर्धा अंश तरी हवा, नाहीतर क्रॉसच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत आणि क्रॉसवर खाचा पाडतात. आणि वरची हद्द वेगावर आहे, ३,००० आरपीएमला सहा अंशांच्या खाली, २,५०० ला सातपर्यंत, पण ती हद्द आहे, तिथे रोज राहायचं नाही.

साध्या कमानीच्या गाडीत अँगल पाचर टाकून सुधारतात, बोगीत टॉर्क रॉडच्या शिम (पातळ पट्टी) किंवा लांबीने. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट वर-खाली करून.

आता कुठे शाफ्ट. पाइप जाड म्हणजे मजबूत हा समज आधी काढा. पीळ सहन करायची ताकद बाहेरच्या व्यासात असते. ९० मिलिमीटर व्यासाचा ८ मिलिमीटर जाडीचा पाइप घ्या आणि ११० व्यासाचा ६ जाडीचा घ्या. दुसरा वजनाला पाच टक्के हलका आणि पिळायला साधारण २४ टक्के जास्त ताकदीचा, स्टील तेच. जागा मिळत असेल तर व्यास वाढवा. पण भरलेल्या आणि बोगी पूर्ण वर आलेल्या स्थितीत पाइप क्रॉस मेंबरला, एअर टँकला, हायड्रॉलिकच्या पाइपला घासत नाही ना ते बघून.

लांबीचं भूत वेगळं. प्रत्येक शाफ्टचा एक वेग असतो जिथे तो मधून फुगून दोरीउडीच्या दोरीसारखा घुमायला लागतो, आणि तो वेग लांबीच्या वर्गाने पडतो. वरचाच ११० बाय ६ चा पाइप १.५ मीटर लांब असेल तर हा वेग ७,९०० आरपीएमच्या आसपास येतो, २ मीटरला ४,४००, आणि २.५ मीटरला फक्त २,८५०. यातला पाऊणच वापरायचा असतो, म्हणजे २.५ मीटरच्या एका तुकड्याला २,१०० च्या वर नेणं धोक्याचं, आणि ओव्हरड्राइव्ह गिअरला शाफ्ट इंजिनपेक्षा जलद फिरतो हे विसरू नका, उतारावर तर अजूनच. म्हणून लांब चॅसीला दोन तुकडे आणि मध्ये सेंटर बेअरिंग लागतंच, "एक तुकडा करू, बेअरिंगची कटकट नको" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

क्रॉसचे आकार सिरीजने ओळखतात. स्पायसरच्या जुन्या पद्धतीत १६१०, १७१०, १८१० असे आकडे मोठे होत जातात तसा क्रॉस मोठा. एक सिरीज वरचा घेता येतो पण मग फ्लेंज, योक (क्रॉसला धरणारा चिमटा), बोल्ट सगळं त्याच मापाचं लागतं, मध्ये ॲडॉप्टर टाकून जुगाड केला की कमजोर कडी तिथेच तयार होते. फ्लेंज शक्यतो दातेरी घ्या, त्यात टॉर्क दात घेतात, साध्या सपाट फ्लेंजमध्ये तो बोल्टच्या घट्टपणावर चालतो. बोल्ट १०.९ ग्रेडचे, डोक्यावर छापलेलं असतं. लॉकनट दरवेळी नवीन.

स्लिपकडे, म्हणजे शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या दातेरी जोडाकडे, लोक बघतच नाहीत. पूर्ण लोडवर टॉर्क आला की स्लिपचे दात एकमेकांना इतके घट्ट धरतात की स्लिप सरकतच नाही, आणि बोगी हलली की तो धक्का सरळ गिअरबॉक्सच्या आणि सेंटर बेअरिंगच्या अंगावर. सारखं सेंटर बेअरिंग जातंय तर आधी स्लिप काढून बघा. दातांवर नायलॉनचा थर असलेला स्लिप महाग पडतो, दमदार गाडीला तोच घ्या. गाडी भरलेली असताना स्लिप मधल्या जागी असावा, दोन्हीकडे हलायला वाव राहील असा.

बोगीच्या दोन ॲक्सलमधल्या छोट्या शाफ्टकडे पण बघा. रोज त्याच्यावर अर्धाच टॉर्क येतो म्हणून तो लहान वाटतो, पण मधला डिफरन्शियल लॉक (दोन्ही ॲक्सल एकत्र बांधणारा) लावलेला असेल आणि पुढच्या ॲक्सलची चाकं चिखलात फिरत असतील तर सगळाच टॉर्क त्याच्यातून जातो. वर लांबी कमी असल्यामुळे बोगी वाकडीतिकडी झाली की अँगल पण त्यालाच सगळ्यात जास्त. त्यामुळे तो मुख्य शाफ्टच्या सिरीजपेक्षा फार खाली नको, आणि ड्रायव्हरला सांगा, लॉक चाकं फिरत असताना लावायचा नाही, थांबून लावायचा, बाहेर आलं की काढायचा. गाडीला रिटार्डर (उतारावर वेग रोखणारा जादा ब्रेक) असेल तर एवढं ध्यानात ठेवा की गिअरबॉक्सच्या मागे बसलेल्या रिटार्डरचा ब्रेक शाफ्टमधूनच चाकांना जातो, उतारभर उलटा टॉर्क, म्हणजे स्लिपचे दात दोन्ही बाजूंनी खातात.

भंगारातून शाफ्ट घ्यायला माझी हरकत नाही, कुर्ल्याला किंवा कुठेही चांगला माल निघतो. फक्त पाइपवर पोचा नको, वेल्डिंगच्या कडेला गंजाची बारीक रेघ नको (ती तड्याची असते), आणि स्लिपमध्ये हाताला जाणवेल असा खुळखुळाट नको. लांबी कापून घेणार असाल तर ज्याच्याकडे लेथ आणि बॅलन्सिंग मशीन दोन्ही आहे तिथेच. कापलेला शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत यायला हवेत, थोडे फिरले तर वर सांगितलेलं शून्य होत नाही, कितीही अँगल जुळवा. आणि बॅलन्स केल्यावर स्लिपवर आणि पाइपवर बाणाच्या खुणा मारून घ्या, पुढच्या वेळी खोलल्यावर एक दात इकडे-तिकडे बसला तर बॅलन्सिंगचे पैसे वाया. डुप्लिकेट क्रॉस ओळखायचा तर कप उघडून सुया बघा, सगळ्या एका लांबीच्या आणि चकचकीत हव्यात, कपात सैल नको, ग्रीसचं भोक चारही टोकांपर्यंत मोकळं हवं.

थरथर येत असेल तर दोन गोष्टी वेगळ्या करा. तेवढ्याच स्पीडला क्लच दाबून गाडी सोडली आणि थरथर तशीच राहिली तर बॅलन्सिंग नाहीतर वाकलेला पाइप. ओढ काढल्यावर कमी झाली तर अँगल, टॉर्क रॉड, नाहीतर बसलेली कमान, परत मागे जा.

बसवल्यावर यू बोल्ट (कमान आवळून धरणारे) पहिल्या एक-दोन भरलेल्या फेऱ्यांनंतर गाडी लोडवर असताना परत टाइट करायचे, कारण नवीन पाटे बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. ढिल्या यू बोल्टमुळे सेंटर बोल्ट (पाटे मध्ये एकत्र धरणारा) कातरतो आणि ॲक्सल मागे सरकतो, मग शाफ्ट कितीही भारी असो. टॉर्क रॉडचे बोल्ट पण त्याच दिवशी, पान्याला पाइप लावून नव्हे तर टॉर्क पान्याने, आकडा मॅन्युअलमधला. जुने यू बोल्ट परत वापरू नका, एकदा ताणले गेले की गेले. क्रॉसला ग्रीस घालताना चारही कपांतून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत घाला, एका कपातून येत नसेल तर शाफ्ट हलवून, तो कप ढिला करून बघा, तोच कप आधी जाणार आहे. पाण्या-चिखलात काम असेल तर आठवड्याला.

आणि शाफ्टखालचा गार्ड. पुढचा जोड तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी त्याच्यावर उचलली जाते, किंवा फिरता पाइप एअरचे पाइप आणि डिझेल टँक फोडतो. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून बऱ्याच गॅरेजमध्ये गार्ड काढून टाकतात आणि तो केबिनच्या मागे पडून असतो. नवीन शाफ्ट मोठ्या व्यासाचा घेतला असेल तर जुना गार्ड बसणार नाही, शाफ्ट बनवायला द्याल तेव्हाच पट्टी पण नवीन मापाची करून घ्या.